न धावलेले सात किलोमीटर

आपल्याला पळता येतं, हे सरिताबाई पगारेंना वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. त्याआधीचं सगळं आयुष्य उभं राहण्यात गेलं होतं. सातपूरच्या एका कारखान्यात त्या विजेच्या बटणांचे सुटे भाग जोडायच्या. उभ्याचं काम. संध्याकाळी घरी आलं की पाय गरम पाण्यात सोडून बसायचं आणि तिथूनच मुलाला, नवऱ्याला काय हवं-नको ते विचारायचं. निवृत्ती झाली आणि वर्षाच्या आत साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, "चाला. नाहीतर गोळ्या मोजत बसाल."

त्यांचे यजमान भास्करराव महापालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. ते रोज पहाटे स्कूटरवरून त्यांना गोल्फ क्लबच्या मैदानावर सोडायचे आणि स्वतः कोपऱ्यावरच्या चहाच्या गाडीपाशी मित्रांच्या कट्ट्यावर बसायचे. सरिताबाई ट्रॅकवर गोल गोल चालायच्या. पहिल्यांदा कंटाळा यायचा. मग कंटाळा घालवायला त्या भरभर चालू लागल्या. मग कोणीतरी पुढे चाललेलं दिसलं की त्याला गाठायची खोड लागली.

असंच एकदा त्यांनी रोहित शिरसाठला गाठलं. पस्तिशीचा पोरगा, एकेकाळी राज्य पातळीवर धावलेला, गुडघा दुखावल्यावर स्पर्धा सोडून लोकांना शिकवायला लागलेला. त्याचा 'पहाट रनर्स' नावाचा ग्रुप त्याच मैदानावर जमायचा. तो मुद्दाम हळू चालत होता की काय कोण जाणे, पण सरिताबाई त्याच्या बाजूने पुढे गेल्या तेव्हा तो हसून म्हणाला, "काकू, हे चालणं नाही. तुम्ही पळताय, फक्त कबूल करत नाही."

"या वयात पळतात होय रे?"

"वय म्हणजे नुसता आकडा, काकू. पायांना आकडे वाचता येत नाहीत."

हे वाक्य तो सगळ्यांनाच म्हणायचा हे सरिताबाईंना पुढे कळलं. पण त्या सकाळी ते आपल्यासाठीच बनवलंय असं त्यांना वाटलं, आणि ते त्यांच्या मनात घर करून बसलं.

पुढची चार वर्षं त्या रोहितच्या शब्दाबाहेर गेल्या नाहीत. त्याने सांगितलं श्वास असा घ्या, तसा घेतला. त्याने सांगितलं पांडवलेणीच्या पायऱ्या चढा, त्या चढल्या. पहिल्या दिवशी निम्म्यात बसकण मारली, पावसाळा संपेपर्यंत न थांबता वर जायला लागल्या. साखर उतरली. रात्रीची झोप लागायला लागली. कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणी भेटल्या की म्हणायच्या, "सरे, तू उंच झालीस काय गं?" त्या उंच झाल्या नव्हत्या, ताठ झाल्या होत्या.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ते एक काम त्या कोणासाठी म्हणून करत नव्हत्या. मुलाचा डबा नाही, नवऱ्याचं पथ्य नाही, कारखान्याचा भोंगा नाही. घाम त्यांचा, धाप त्यांची, आणि शेवटी मिळायचा तो हलकेपणाही त्यांचाच. म्हणूनच ज्याने हे दिलं त्या रोहितला त्या मुलाच्या जागी मानायच्या. ग्रुपसाठी नाचणीचे लाडू त्या करायच्या, पण त्यातला पहिला डबा रोहितचा. ग्रुपमधल्या तेजलवरही त्यांचा जीव होता. ती बँकेत नोकरी करणारी, तिशीतली, हसरी मुलगी. लांबच्या सरावाला ती आपला वेग आवरून सरिताबाईंच्या बाजूने धावायची आणि वाटेत आपल्या सासूच्या तक्रारी सांगायची. अंतर कसं सरायचं ते कळायचंसुद्धा नाही.

बासष्टाव्या वर्षी त्यांनी हाफ मॅरेथॉनला नाव दिलं. एकवीस किलोमीटर. साठीच्या पुढच्या महिलांचा वेगळा गट होता आणि त्यात मोजून पाच-सहा जणी. रोहित सगळ्यांसमोर म्हणाला, "यंदा काकूंचा पहिला नंबर पक्का."

शर्यत जानेवारीत होती. नाशिकची थंडी त्या पहाटे अशी होती की उभ्या माणसांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. मैदानावरून सुटून गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढे जायचं आणि वळून परत यायचं. जाताना सरिताबाई मजेत गेल्या. त्यांच्या गटातल्या एकच बाई त्यांच्या पुढे होत्या, बारीक चणीच्या, काळसर, नातवाचा असावा असा सैल टी-शर्ट घातलेल्या. वळणाच्या आधी सरिताबाईंनी त्यांना मागे टाकलं.

आणि परतीच्या वाटेवर, चौदावा किलोमीटर सरल्यावर, त्यांच्या उजव्या पोटरीत गोळा आला.

असा गोळा त्यांना कधी आला नव्हता. पाय दगडासारखा झाला. पाण्याच्या टेबलापाशी त्या खाली बसल्या. तेजल थांबली, पोटरी चोळली, स्प्रे मारला. सरिताबाई उठल्या, चार पावलं टाकली आणि पुन्हा बसल्या. तेवढ्यात मोटरसायकलवरून रोहित आला. त्याने वाकून पाय बघितला.

"काकू, आज सोडा. स्नायू फाटला तर सहा महिने घरी बसाल."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. त्या म्हणाल्या, "बरं."

"तेजल, काकूंचा बिब काढून घे. पुढे जमा करायला लागेल, नाहीतर संयोजक शोधत बसतील."

छातीवर नंबराचा कागद लावतात त्याला बिब म्हणतात. त्याच्या मागे एक चिप चिकटवलेली असते. ती शेवटच्या पट्टीवरून गेली की वेळेची नोंद होते. तेजलने चारही पिना काढल्या, बिबची घडी केली आणि कमरेच्या पिशवीत घातली. "येते हं काकू," म्हणाली आणि पळाली. बसल्या बसल्या सरिताबाईंनी पाहिलं, मागे टाकलेल्या त्या बारीक चणीच्या बाई समोरून गेल्या. जाताना त्यांनी एकदा वळून बघितलं. सरिताबाईंनी हात हलवला.

भास्कररावांनी येऊन त्यांना स्कूटरवरून घरी नेलं. दुपारभर त्या पोटरीला शेक देत पडून होत्या. वाईट वाटत होतं, पण ते साधं, सरळ वाईट वाटणं होतं. पुढच्या वर्षी बघू, असं मनात म्हणून त्यांचा डोळाही लागला.

संध्याकाळी पाचच्या सुमारास घरात गलका झाला. रोहित, तेजल आणि ग्रुपमधले आठ-दहा जण हार-पेढे घेऊन आले होते. शेजारच्या लताबाईही मागून आल्या. रोहितच्या हातात हातभर उंचीची ट्रॉफी होती.

"काकू, पहिला नंबर! उठा!"

सरिताबाईंना आधी वाटलं, थट्टा चाललीय. "अरे, मी पूर्ण कुठे केली?"

भास्कररावही म्हणाले, "अहो रोहितसर, हिला तर मीच मधून उचलून आणली..."

रोहित हसला. "काका, चिप पोहोचली ना? मग माणूस पोहोचला."

सरिताबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. भास्कररावांना कळायला क्षणभर लागला. त्यांनी तेजलकडे बघितलं, मग ट्रॉफीकडे, मग दारात जमलेल्या कॉलनीतल्या लोकांकडे. आणि मग कोणीतरी पुढे केलेल्या खोक्यातला पेढा उचलून त्यांनी तोंडात टाकला.

कोणीतरी हार घातला. कोणीतरी ट्रॉफी हातात दिली. सरिताबाई हळूच म्हणाल्या, "रोहित, मी धावले नाही रे." तो त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, "नंतर बोलू, काकू. आता हसा." आणि फोटो निघाला. त्या फोटोत त्या हसल्या होत्या. पुढे अनेक दिवस त्यांना सगळ्यात जास्त त्याचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तोच फोटो पेपरच्या पुरवणीत आला. खाली विजेत्यांची नावं होती. साठीच्या पुढचा गट: प्रथम सरिता पगारे, नाशिक. द्वितीय कुसाबाई खालकर, सायखेडा.

त्या लंगडत मैदानावर गेल्या. रोहितला बाजूला घेतलं.

"हे तू काय केलंस?"

"काकू, तुम्ही चार वर्षं रोज धावताय. ते सात किलोमीटर तुम्ही शंभर वेळा धावलाय. एक दिवस पायाने दगा दिला म्हणून सगळं फुकट जायचं?"

"काल नाही धावले."

"कोणाचं काय बिघडलं?"

"दुसरी आली तिचं."

"कोण ती?" त्याने खरंच आठवायचा प्रयत्न केला, पण त्याला नाव सापडेना. मग त्याचा सूर बदलला. "हे बघा, ग्रुपचे यंदा सगळ्यात जास्त नंबर आलेत. पुढच्या महिन्यात माझी नवी बॅच सुरू होतेय, कॉलेज रोडला. फलकावर तुमचाच फोटो आहे. एवढं माझ्यासाठी करा."

सरिताबाईंना एकदम गेल्या वर्षीचं सिन्नर आठवलं. तिथे दहा किलोमीटरमध्ये त्या दुसऱ्या आल्या होत्या, आयुष्यातलं पहिलं पदक. एका फाट्यावर रोहित झेंडा घेऊन उभा होता आणि त्याने सांगितलं होतं, "काकू, इथून वळा." पुढची दोन-तीन माणसं सरळ गेली होती. तेव्हा त्यांना वाटलं होतं, ती लांबच्या शर्यतीची असतील.

"आणि सिन्नर?" त्यांनी विचारलं.

"सिन्नर खरं होतं, काकू. तुमची शपथ."

तो त्यांच्या डोळ्यांत बघून बोलत होता. कदाचित ते खरंही असेल. पण त्या त्याच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की यापुढे आपल्याला हे कधीच कळणार नाही. त्याने एक खोटं बक्षीस हातात ठेवलं आणि खरं होतं तेही काढून नेलं.

तेजल त्यांना गेटपाशी गाठायला पळत आली. "काकू, सरांनी रस्त्यात फोन केला, म्हणाले पट्टीवरून घेऊनच जा. मला वाटलं तुम्हाला आनंद होईल."

"मला वळून विचारलं असतंस तर?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"मग तुला माहीत होतं," सरिताबाई म्हणाल्या. तेजल रडायला लागली. दुसऱ्या कोणत्याही दिवशी त्यांनी तिला जवळ घेतलं असतं. त्या दिवशी त्यांचा हात उचललाच नाही.

घरी भास्कररावांनी ट्रॉफी टीव्हीशेजारी मांडली होती. पुण्याहून अमोलचा, मुलाचा, फोन आला. त्याने आईचा फोटो ऑफिसातल्या सगळ्यांना पाठवला होता. सरिताबाईंनी त्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, "आई, सोड ना. कोण बघायला येतंय?"

भास्करराव म्हणाले, "बरोबर बोलतोय तो. तू थोडंच मागितलं होतंस? तुला तर ठाऊकही नव्हतं."

"मला नव्हतं," सरिताबाई म्हणाल्या. "तुम्हाला होतं. तुम्ही पेढा खाल्लात."

भास्करराव रागाने उठून गॅलरीत गेले. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोचं असं बोलणं ऐकलं नव्हतं.

तीन दिवसांनी सरिताबाई ट्रॉफी पिशवीत घालून संयोजकांच्या कार्यालयात गेल्या. तिथल्या मुलीला त्यांचं म्हणणं समजेना. "म्हणजे तक्रार तुमच्याचविरुद्ध आहे?" मग आतले गृहस्थ बाहेर आले, त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि रोहितला, तेजलला दुसऱ्या दिवशी बोलावलं. सरिताबाईंनाही यायला सांगितलं. त्यांना वाटलं होतं, समोरासमोर बसल्यावर रोहित चुकलो म्हणेल. तेवढं म्हणाला असता तर त्यांनी त्याची बाजूही मांडली असती. येताना त्यांनी ते वाक्यसुद्धा मनात जुळवलं होतं: पोराने माझ्यावरच्या मायेनं केलं, साहेब.

रोहित इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. तो शांतपणे म्हणाला, "सर, मी पाय बघितला आणि पुढे गेलो. बिबचं मला काही माहीत नाही. काकूंनी स्वतःच तेजलला दिला असेल. त्यांना आता नीट आठवत नसेल." मग आवाज खाली आणून, जणू सरिताबाई त्या खोलीत नाहीतच अशा सुरात, पुढे म्हणाला, "वय झालंय त्यांचं. गोंधळ होतो. आम्ही सांभाळून घेतो."

तेजल खाली मान घालून बसली होती. गृहस्थांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "काकूंनी दिला."

सरिताबाईंनी रोहितकडे बघितलं. खोटं बोलला, ठीक. अंगावर ढकललं, तेही एक वेळ ठीक. पण चार वर्षं ज्याने वय विसरायला शिकवलं, त्यानेच गरज पडली तेव्हा ते वय उचलून त्यांच्या तोंडावर मारलं. आणि तिथे बसलेल्या सगळ्यांना ते पटलं, हे त्यांना दिसत होतं. ते गृहस्थ आता त्यांच्याशी जरा मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागले होते.

निकाल लागला तो असा: सरिता पगारे बाद, तेजल बाद. रोहितला समज. कॉलेज रोडची बॅच ठरल्या दिवशी सुरू झाली.

ट्रॉफी कुसाबाईंना कुरिअरने पाठवू, असं कार्यालय म्हणत होतं. सरिताबाई म्हणाल्या, "मी नेते." आणि एसटीने सायखेड्याला गेल्या. गोदावरीच्या काठाने, उसाच्या आणि कांद्याच्या शेतांमधून विचारत विचारत त्या खालकरांच्या वस्तीवर पोहोचल्या. कुसाबाई कांद्याची रोपं उपटत होत्या. त्याच त्या, बारीक चणीच्या, काळसर बाई. त्यांनी लगेच ओळखलं.

"तुम्ही पाण्यापाशी बसलेल्या ना? पेपरात फोटू बघून मी म्हनले बी, ती बाई तर मागं ऱ्हायली, मग पयली आली कशी? पोरं म्हनली, आजी तुला नीट दिसलं नसंल."

सरिताबाईंनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, फोटोत हसल्याचंसुद्धा. कुसाबाईंनी ट्रॉफी हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि बांधावर ठेवली.

"लय चांगली हाय. पन आता काय करू हिचं? माझ्या दोन्ही नाती आल्या व्हत्या मैदानावर. त्याच मला पळायला घेऊन जात्यात. तवा माईकवर माझं नाव पयलं घेतलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. आता तुम्ही आनून दिली, ते कोनाला ऐकू जानार?"

सरिताबाईंनी रिकामी पिशवी घडी करून हातात धरली.

"तुमचा राग नाय," कुसाबाई म्हणाल्या. "चहा घ्या." पण त्या परत रोपांकडे वळल्या आणि चहा सुनेने आणून दिला. सरिताबाईंनी तो उभ्यानेच घेतला आणि सायखेड्याच्या स्टँडवर येऊन एसटीची वाट बघत बसल्या.

त्यानंतर दीड-दोन महिने त्यांनी बूट घातले नाहीत. ग्रुपमधून त्यांचं नाव काढून टाकलं होतं. त्यांच्या लाडवांवर ताव मारणारी माणसं भाजी बाजारात भेटली की फोन कानाला लावायची. पोटरी केव्हाच बरी झाली होती. पण पहाटे जाग आली की मनात यायचं, कशाला? मैदान त्याचं, श्वास घ्यायची रीत त्याने दिलेली, अंगात जे काही आलं ते सगळं त्याच्या हातून आलेलं. ते वापरायचं म्हणजे त्याचं उष्टं खाल्ल्यासारखं वाटायचं. साखर पुन्हा वर सरकली. भास्करराव डॉक्टरांचा कागद टेबलावर ठेवायचे आणि निघून जायचे.

एका सकाळी त्या गॅस सिलिंडरची पावती शोधत होत्या आणि सहज जिना उतरून खाली आल्या, परत वर गेल्या, परत उतरल्या. तिसऱ्यांदा वर जाताना त्यांना कळलं की आपण कामासाठी चढत नाही आहोत. पायांना नुसतं हलायचं होतं. रोहितला, मैदानाला, कोणाच्या मानण्या-न मानण्याला त्या पायांनी विचारलं नव्हतं. सरिताबाई जिन्यावरच बसल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळ्या मनाने रडल्या. संध्याकाळी त्या कॅनॉलच्या कच्च्या रस्त्याने एकट्याच धावून आल्या. थोडंच. धाप लागली.

मार्चच्या शेवटी ओझरला दहा किलोमीटरची एक लहानशी शर्यत होती. त्यांनी स्वतःच नाव नोंदवलं आणि एकट्याच गेल्या. भास्कररावांनी विचारलं, "सोडायला येऊ?" त्या म्हणाल्या, "नको, बस आहे." आवाजात राग नव्हता, पण पूर्वीचा मोकळेपणाही नव्हता, दोघांनाही ते समजलं.

सुरुवातीच्या रेषेवर कुसाबाई होत्या, सोबत वेण्या घातलेल्या दोन मुली. कुसाबाईंनी मान हलवली. तेवढंच. पहिल्या दोन किलोमीटरांतच त्या पुढे निघून गेल्या आणि सरिताबाईंना त्या पुन्हा दिसल्या त्या शेवटी, माईकवर आपलं नाव ऐकताना. नाती टाळ्या वाजवत नाचत होत्या.

सरिताबाई त्यांच्या गटात चौथ्या आल्या. पाचवी कोणी नव्हती. रेषा ओलांडल्यावर त्यांनी सवयीने मान वर करून गर्दीत बघितलं, कारण प्रत्येक शर्यतीला रोहित तिथे उभा असायचा आणि "शाब्बास काकू!" म्हणून ओरडायचा. ओळखीचं कोणी नव्हतं. आपली नजर त्याला शोधत होती याचा त्यांना संताप आला. त्या तशाच उभ्या राहिल्या, हात कमरेवर, छाती वर-खाली होत. हळूहळू श्वास खाली बसला. पाय थरथरत होते, आतून गरम होते, आणि तिथपर्यंतचं सगळं अंतर त्याच पायांनी कापलं होतं.

टेबलावरच्या मुलाने पाण्याचा पेला पुढे केला. "आजी, बसायला खुर्ची देऊ?"

"नको," सरिताबाई म्हणाल्या, "नाशिकची बस कुठून मिळते तेवढं सांग."